उतरून राहिलो

एका शनिवारी दुपारी मी भिंतीवरच्या तक्त्यावर एक हिरवा तुकडा चिकटवला. घाईत चिकटवल्यामुळे त्याखाली हवेचा फुगा राहिला. तो फुगा मी अंगठ्याने दाबून बसवत होतो, त्या वेळी तो तुकडा ज्या माणसाचा होता तो माणूस दरेकसाच्या टेकडीवर होता. माझ्या भिंतीवर मात्र तो खाली उतरला होता. आणि हे मला माहीत होते. हे शेवटचे वाक्य मी तीन हिवाळे कोणालाही सांगितले नाही.

गोंदियात माझे डिझाइनचे दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, गाड्यांवरचे रेडियम. हातात ब्रश धरून वर्षे झाली, तरी खेड्यातले लोक मला पेंटरच म्हणतात. त्या वर्षी मला एका लहानशा संस्थेचे काम मिळाले. जंगलाकाठच्या गावांना त्यांच्या जंगलाची हद्द मोजून द्यायची, तिचा नकाशा करायचा, ग्रामसभेचा ठराव घ्यायचा आणि दावा दाखल करायचा, असे त्यांचे काम होते. संस्था चालवणाऱ्या ताई पुण्याच्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण मी त्यांना ताई म्हणायचो आणि त्या मला दादा.

"दादा, कोण कुठे काय करतंय ते माझ्या वहीत आहे, फोनमध्ये आहे, डोक्यात आहे," त्या म्हणाल्या. "मला ते भिंतीवर हवंय. दारातून आत आल्या आल्या दिसलं पाहिजे."

मी आठ फुटांचा तक्ता केला. आडवे आठवडे, उभी माणसे. प्रत्येकाची एक फिकट राखाडी रेघ, आणि त्या रेघेवर कामाचे तुकडे: चालणे, मोजणे, नकाशा, ठराव, सह्या. तुकडे विनाइलचे, कापून ठेवलेले. काम चालू असेल तर पिवळा, झाले की त्यावर हिरवा. रोज दुपारी दोन तास मी त्यांच्या ऑफिसात बसायचो, ग्रुपवर आलेले निरोप वाचायचो आणि तुकडे लावायचो. मला त्या तक्त्याचा अभिमान होता. चांगला तक्ता माणूस वाचत नाही, नुसता बघतो, आणि बघितलेले कोणी तपासत नाही. ही गोष्ट मी तेव्हा गुण म्हणून सांगत असे.

ताईंनी त्याला 'कामाचा पट' असे नाव दिले आणि पहिल्याच दिवशी हसू झाले. आमच्या भागात पट म्हणजे बैलांची शर्यत. हद्द मोजणारे काकाजी आत आले, गळ्यातल्या लाल दुपट्ट्याने चष्मा पुसला आणि तक्त्यासमोर उभे राहिले.

"पट हाये म्हनते. बैल कुठी हायेत मंग?"

जीपचा ड्रायव्हर गोंदियाचाच, हिंदीत बोलणारा. तो म्हणाला, "बैल तो आप ही हो काकाजी. देखो, आपकी लाइन सबसे आगे है."

"अन् हाकलनारा?"

ड्रायव्हरने माझ्याकडे बोट केले. काकाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "पटात बैल आधी पोचते, झेंडी मंग पडते. तू आधीच पाडू नोको, गा."

सगळे हसले. मीही हसलो.

काकाजी पंचावन्नच्या पुढचे, सडपातळ, गोंड घरातले. त्यांचे गाव दरेकसाजवळ, त्या टेकडीच्या पायथ्याशीच. हातात जीपीएसचे मशीन घेऊन ते हद्दीने चालायचे, आणि ज्या दगडाजवळ, ज्या साजाच्या झाडाजवळ ते थांबायचे तिथे हद्दीचा एक बिंदू पडायचा. दुसरा कोणी चालला तर हद्द कुठेतरी वाकडी यायची. त्यांची कधी आली नाही. मोबाइलचे त्यांनी मला एकदा समजावून सांगितले होते. त्या बाजूला रेंज दोनच जागी, एक दरेकसाच्या स्टेशनात आणि दुसरी अगदी वर, देवाच्या दगडांजवळ. "मधात काईच नाही. आमच्या गावात फोन म्हंजे नुसता टाइम पाहाले." म्हणून ते वरूनच निरोप पाठवत आणि मग उतरत.

निरोप आमच्या बोलीत असत. 'मोजून राहिलो.' 'जेवून राहिलो, मंग निघतो.' इथे त्याचा अर्थ सरळ आहे: मोजतो आहे, जेवतो आहे. पण मी तरुणपणी पुण्यात डिझाइन शिकलो, आणि तिथे 'मी येऊन राहिलो' म्हटले की खोलीतली मुले विचारत, "येऊन कुठे राहिलास?" महिनाभरात मी ते बोलणे सोडले. पुढे गोंदियाला परत आलो तरी ते माझ्या तोंडात परत आले नाही. तक्त्यासाठी मात्र मी साधा नियम केला होता. निरोपात 'राहिलो' असेल तर पिवळा.

शनिवारी पाच वाजता ताई तक्त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकत आणि पुण्याच्या देणगीदारांना पाठवत. ज्या शनिवारबद्दल मी लिहितो आहे, त्या दिवशी एका गावाची पूर्ण हद्द संपणार होती. शेवटचा एक बिंदू राहिला होता, टेकडीच्या माथ्यावरचा. काकाजींसोबत जाणारी माणसे धानाच्या मळणीत अडकली होती, म्हणून ते एकटेच वर गेले. उतरून त्यांनी स्टेशनात यायचे, तिथे जीप उभी असणार, आणि मशीन घेऊन ते गोंदियाला ऑफिसात दोन दिवस नकाशाच्या कामाला राहणार, असे ठरले होते. घरी त्यांनी तसे सांगून ठेवले होते.

पावणेचारला ग्रुपवर निरोप आला. 'बिंदू झाला. उतरून राहिलो.'

मी बिंदूवर हिरवा लावला. आता त्यांच्या रेघेवर एकच पिवळा तुकडा उरला, 'परत'. बाकी सगळा तक्ता हिरवा. इतका पूर्ण, इतका शांत तो याआधी कधी दिसला नव्हता, आणि त्यात तो एक पिवळा डोळ्यात गेलेल्या कचऱ्यासारखा खुपत होता. पुण्यात कुठल्याशा बैठकीत हा फोटो मोठा करून दाखवणार होते. तक्ता कोणी केला हेही सांगणार होते. मी विचार केला, फोटो पोचेपर्यंत माणूस खाली येईलच. हिरवा तुकडा कापून तयार होता. मी तो चिकटवला.

तेवढ्यात ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात फोन होता.

"दादा, 'उतरून राहिलो' म्हणजे मुक्कामाला उतरलेत ना? घरीच?"

पुण्याच्या कानाला ते तसेच ऐकू येणार. माणूस धर्मशाळेत उतरतो, पाहुण्यांकडे उतरतो. त्यांची काही चूक नव्हती. मी सांगायला हवे होते की नाही ताई, ते वाटेवर आहेत, आत्ता उतरत आहेत. नुसते एवढेच. पण मग पिवळा परत लावावा लागला असता.

"हो," मी म्हणालो.

"मग जीप कशाला थांबवायची, सोमवारी येतील," त्या म्हणाल्या आणि ड्रायव्हरला फोन लावला. तो स्टेशनातून निघाला. त्यांनी फोटो काढला. "काय सुंदर दिसतंय," त्या म्हणाल्या. मी फुग्यावरून पुन्हा अंगठा फिरवला.

रविवार चांगला गेला. गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या माझ्या घरी मी गच्चीवर उन्हात बसून पेपर वाचला, दुपारी झोपलो. हे लिहायलाच हवे.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला काकाजींच्या घरची बाई, त्यांची बायको, ऑफिसात आली. पॅसेंजरने आली होती. दारातच उभी राहिली. हातातल्या पिशवीत एक स्वेटर होता.

"थंडी पडून राहिली म्हून आनला," ती म्हणाली. "तसाच निघून आला ना तो. कुठी हाये?"

ताईंना कळेना. "ते तर घरी आहेत ना? शनिवारीच उतरले."

"घरी कोठी? तो तं तुमच्याकडं हाये."

मग सगळे एकदमच बोलू लागले. ड्रायव्हर म्हणाला, "काकी, घबराओ मत. मैंने खुद देखा है. फाटक के उस पार जा रहे थे, गले में हरा गमछा था." ताईंनी स्टेशनातल्या चहावाल्याला फोन लावला. तोही या ग्रुपवर होता, शनिवारचा फोटो त्यालाही गेला होता. तो म्हणाला, "होय ना ताई, शनवारी चाय पिऊन गेले. हिरवा दुपट्टा." ताई हळूच म्हणाल्या, "मलासुद्धा असं वाटतंय की मी त्यांच्याशी बोलले."

आणि मी. मी दरेकसाच्या त्या वाटेवर कधी पाय ठेवलेला नव्हता. तरी त्या क्षणी मला ते स्पष्ट आठवत होते. उताराची वाट, एक वळण, आणि पाठमोरे काकाजी, डाव्या हाताने झुडपाचा पाला बाजूला सारत खाली जाताना. गळ्यात हिरवा दुपट्टा. मी स्वतःच खोटे लावले होते, तरीसुद्धा मला तो दिसत होता.

"हिरवा?" बाई म्हणाली. "त्याच्यापाशी हिरवा दुपट्टा नाही. लाल हाये. तोच घालून गेला."

मग आम्ही सगळ्यांनी तक्त्याकडे पाहिले. कोणी सांगितले नव्हते, पण सगळ्यांच्या माना तिकडेच वळल्या.

बाईला वाचता येत नव्हते. तिने विचारले, "याच्यात तो कोनता?" ताईंनी रेघेच्या टोकाचा हिरवा तुकडा दाखवला. बाईने त्यावर बोट ठेवले. बोटाखाली फुगा दबला आणि बाजूला सरकला. तिने पुन्हा दाबला, तो पुन्हा सरकला. तिने माझ्याकडे पाहिले.

"याच्या खाली तं काईच नाही गा, पेंटर."

जीप निघाली. तिकडून गावातली माणसेही वर चढली. दुपारी काकाजी सापडले, अर्ध्या वाटेवर, दोन दगडांच्या मध्ये. पाय घसरून आत गेला होता आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत मोडला होता. जवळ अर्धी बाटली पाणी होते, ते त्यांनी दोन दिवस पुरवले. फोन हातात होता. त्यांनी तीसेक वेळा लावला होता. मधल्या वाटेवर रेंज नसते.

ते वाचले. पाय वाचला, पण पूर्वीचा राहिला नाही. आता ते काठी घेऊन अंगणात फिरतात. ज्या टेकडीची हद्द त्यांनी पावलांनी काढली, तिच्यावर आता त्यांना जाता येत नाही. हे मी केले. याला दुसरे नाव नाही.

नंतर ऑफिसात बैठक झाली. ताईंनी काकाजींच्या बायकोपुढे हात जोडले. "चूक माझी आहे. मला तुमची बोली कळली नाही. मी न विचारता अर्थ लावला." त्यांचा आवाज फुटत होता. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, लफ्ज़ का लोचा हो गया, और क्या." सगळ्यांनी माना हलवल्या. शब्दाचा घोटाळा. शब्दाला शिक्षा होत नाही. मी ताईंच्या शेजारीच उभा होतो. त्यांनी विचारले होते हे फक्त त्यांना आणि मला माहीत होते, आणि त्या ते विसरल्या होत्या, किंवा मला वाचवत होत्या. उन्हाळ्याआधी त्या पुण्याला परत गेल्या.

तक्ता माझ्याकडे आला. दुकानाच्या मागच्या खोलीत मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. विनाइलचा फुगा सुईने टोचला आणि हवा काढून दाबला की परत येत नाही. वीस वर्षे हेच करतो आहे. हा येतो. मी चार वेळा टोचला. काही दिवसांनी तक्ता फिरवून पाहिले की तो असतो, थोडा सरकलेला. मला आता वाटते की तो खालच्या बाजूला सरकतो. मोजलेले मात्र नाही. मोजायची हिंमत झाली नाही.

या हिवाळ्यात एका सकाळी मी पॅसेंजरने दरेकसाला गेलो. काकाजी अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होते. गळ्यात तोच लाल दुपट्टा.

"काय पेंटर, इकडं कसा? वाट चुकला का?"

मी बसलो. काय बोलायचे ते गाडीत पाठ करून आलो होतो, पण ते सगळे गेले. "काकाजी, त्या शनिवारी मला माहीत होतं तुम्ही वर आहात," मी म्हणालो. "ताईंनी मला विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. तक्ता चांगला दिसावा म्हणून."

दोरी थांबली नाही. "मालूम हाये."

"कसं?"

"आमच्या गावात रेंज नाही राहत, हे तुले कोनं सांगितलं? मीच ना? निरोप आला म्हंजे मी वर होतो. ताईले नाही समजलं, ते बाहेरची. तू तं इथलाच हायेस गा."

मला खाली बघावे लागले. "मग तुम्ही कोणाला बोलला का नाहीत?"

"तू कवा सांगते ते पाहून राहिलो."

पुण्याच्या खोलीतली मुले असती तर त्यांनी विचारले असते, पाहून कुठे राहिलात? इथे त्याचा अर्थ एकच. तीन हिवाळे हा माणूस पाहतच होता. त्यांचा हा तुकडा पिवळाच होता, आणि तो फक्त मलाच बदलता येणार होता.

थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "एक गोष्ट कोनाले नाही सांगितली. हसाल तुमी. पाय अडकला, त्याच टाइमाले मले एक मानूस दिसला. माह्या पुढून खाली उतरून राहिला होता. मी हाका मारल्या, वळून पाहेच ना. मंग वळनावर त्यानं डाव्या हातानं पाला सारला, तवा समजलं. माहीच पाठ होती."

पाल्याचे मी कधीच कोणाला सांगितले नव्हते.

"मी म्हनलो, चाला, मी तं उतरलो," ते म्हणाले. "पन त्याचा दुपट्टा हिरवा होता. तवा मी म्हनलो, हा मी नोहे. मी इथंच हाओ. अन् मंग पानी जपून पिलो." त्यांनी दोरीला एक पीळ दिला. "तो घरी गेला असता तं मी मेलोच असतो, गा. माही बायको त्या सांजी इथं दारात उभी होती, म्हने कोनीच नाही आलं."

त्यांच्या घरची बाई दारात येऊन उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती आत गेली, चुलीवर भांडे ठेवल्याचा आवाज आला.

"ताईले सांगितलं?" काकाजींनी विचारले.

"नाही."

"तिनं माह्या बायकोपुढं हात जोडले. तुह्यासाठी. मंग सांग ना आता. फोन हाये ना खिशात?"

"इथे रेंज नाही," मी म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर मला कळले.

काकाजींनी हनुवटी टेकडीकडे केली. "वर हाये."

आतून बाई म्हणाली, "खाली उतरल्यावर चाय पिजो."

वाट चढायला पाऊण तास लागला. मी कधी न आलेली वाट, पण मला प्रत्येक वळण माहीत होते. ते दोन दगडही मी विचारल्याशिवाय ओळखले. माथ्यावर देवाचे दगड होते, शेंदूर लावलेले, बाजूला वाळलेली मोहाची पाने. मी थोडा दूर उभा राहिलो आणि फोन लावला.

मी सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही.

"मला आठवत होतं विचारल्याचं," ताई म्हणाल्या. "पण तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं, मीच मनात विचारलं असेन. तीन वर्षं मी प्रत्येक मेसेज दोनदा विचारते, दादा. ऑफिसातले हसतात मला. म्हणतात, ताईंचा माणसांवर विश्वास नाही."

मी माफी मागितली. त्यांनी ती दिली की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी एवढेच विचारले, "आत्ता कुठे आहात?"

इतक्या वर्षांनी ते माझ्या तोंडात आपोआप आले. "उतरून राहिलो, ताई."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून वरच आहे."

त्यांनी फोन ठेवला. मी निघालो. पहिल्या वळणावरून खाली काकाजींचे अंगण दिसते. ते बाजेवरून उठून, काठीवर भार देऊन उभे होते. त्यांनी हात वर केला. मीही केला. मग लक्षात आले की ते माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या पुढे, खालच्या वळणाकडे बघत होते.

त्या वळणावरच्या झुडपाचा पाला, कोणी डाव्या हाताने सारावा तसा, हलत होता. वारा नव्हता. मी तो थांबेपर्यंत उभा राहिलो आणि मग त्याच वाटेने, अंतर ठेवून, मागून उतरू लागलो.